ठिगळ, रफू आणि नोंदवही

अमेरिकेत जुनी लहान विमाने विकायला निघतात तेव्हा त्यांच्या जाहिरातींत इंजिनाचे तास, रंगकामाचे वय, रेडिओंची यादी यांच्या जोडीला तीन अक्षरे पुष्कळदा आढळतात : एन. डी. एच. 'नो डॅमेज हिस्टरी' या शब्दांचे हे लघुरूप. या विमानाला मोडतोडीचा इतिहास नाही, एवढेच त्यातून सांगायचे असते. इतिहास असेल तर भाव उतरतो, नसेल तर चढतो. 'इतिहास' या शब्दाचा इतका रोखठोक बाजारी वापर आमच्या तरी पाहण्यात दुसरा नाही. ज्याच्यापाशी इतिहास नाही त्याला अधिक मोल देणारा हा व्यवहार इतिहासाच्या आणि साहित्याच्या अभ्यासकांना चमत्कारिक वाटेल. पण त्यातच या लेखाचा विषय दडलेला आहे. कारण अशा 'इतिहास नसलेल्या' विमानाची वार्षिक तपासणी करताना एखादा मेकॅनिक पंखाखालचे झाकण उघडतो, आत दिवा धरतो, आणि त्याला दिसते की एका बरगडीला कधीकाळी कुणीतरी पत्र्याचा तुकडा रिव्हेटांनी ठोकून ठेवला आहे. नोंदवहीची पाने पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली तरी त्याचा उल्लेख सापडत नाही.

हा प्रसंग एकदाच कुठेतरी घडलेला नाही. लहान विमानांच्या हँगरमध्ये तो इतका नेहमीचा आहे, की मुरलेल्या मेकॅनिकला त्याचे आश्चर्य वाटत नाही. आमच्यासारख्या मराठीच्या अध्यापकांना मात्र त्यात एक जुनी ओळख पटली. एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना हस्तलिखित आणि त्याविषयीची परंपरा यांतील अंतराबद्दल आम्ही जे वर्षानुवर्षे सांगत आलो, तेच येथे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिहिलेले होते. फरक एवढाच, की पोथीतला प्रक्षेप कुणाचा जीव घेत नाही.

प्रथम ही तपासणी काय असते ते पाहू. अमेरिकी नियमांनुसार खासगी वापरातील लहान विमान साधारणपणे दर बारा महिन्यांतून एकदा पूर्ण तपासून घ्यावे लागते. मेकॅनिकमंडळी तिला नुसते 'ॲन्युअल' म्हणतात. ती करण्याचा अधिकार सरसकट सर्व मेकॅनिकांना नसतो. त्यासाठी वेगळे अधिकारपत्र लागते. तपासणीला हात घालण्यापूर्वी आवश्यक ती सर्व झाकणे, दारे, आच्छादने काढावीत असे नियमच सांगतो. आसने बाहेर येतात, फरशीचे पत्रे उचलले जातात, इंजिनावरचे कवच उतरते. दिमाखात उडणारे विमान त्या दिवशी लग्नघरातल्या दुसऱ्या दिवसाच्या मांडवासारखे दिसते.

आत जे दिसते ते वाचावे लागते. आम्ही हा शब्द अलंकार म्हणून वापरत नाही. विमानातल्या रिव्हेटांना खरोखरीच लिपी आहे. सर्वसाधारण बांधणीत वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूच्या रिव्हेटाच्या डोक्यावर मधोमध एक बारीक खळगा असतो. अधिक कठीण जातीवर खळग्याऐवजी उंचावलेला ठिपका असतो. त्याहून कठीण जातीवर दोन उंचावलेल्या रेघा. मॅग्नेशियमशी जमणाऱ्या जातीवर फुली. आणि ज्याचे डोके कोरे ते मऊ ॲल्युमिनियमचे, भार वाहण्याच्या कामाचे नव्हे. म्हणजे एखाद्या भार वाहणाऱ्या जोडात कोरे डोके दिसले, किंवा घरगुती कामासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पोकळ पॉप रिव्हेट दिसले, की तेथे कारखान्याच्या हाताखेरीज दुसरा हात लागला हे उघड होते. दोन रिव्हेटांमधले अंतर एकाएकी बदलणे, प्रायमरच्या हिरवट पिवळ्या थरात वेगळ्या छटेचा पट्टा येणे, पत्र्याला नकळत सुरकुती असणे, रंगाखाली भरावाचा जाड थर लागणे, या सर्व खुणा हस्ताक्षर बदलल्याच्या खुणा आहेत. पोथीत एका पानापासून शाई वेगळी आणि 'ण'चे वळण वेगळे दिसले की आपण थांबतो, तसाच तो मेकॅनिकही थांबतो.

दुरुस्ती आढळली म्हणजे विमान वाईट, असे मात्र मुळीच नाही. आपल्या भाषेत दुरुस्तीला दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि ते येथे फार उपयोगी पडतात. ठिगळ दिसते. येथे फाटले होते, येथे जोडले, असे ते उघडपणे कबूल करते. रफू दिसू नये म्हणूनच केलेला असतो. जितका कसबी तितका अदृश्य. चांगल्या विमानदुरुस्तीचा आदर्श ठिगळाचा आहे. मोडलेल्या भागावर बसवलेला जादा पत्रा, ज्याला त्या व्यवसायात डब्लर म्हणतात, नियमाप्रमाणे मोजून मापून बसवला तर मूळ भागाइतकाच, कधी अधिकही, भार घेतो. फक्त तो कोणी, कधी, कशाच्या आधारे बसवला हे लिहून ठेवलेले असावे लागते. मोठ्या दुरुस्तीसाठी अमेरिकेत एक ठरावीक फॉर्म आहे, क्रमांक ३३७. त्याची एक प्रत मालकाला मिळते आणि दुसरी, विमान पुन्हा उडण्यास योग्य ठरवल्यापासून ४८ तासांत, ओक्लाहोमा सिटी येथील सरकारी दप्तरात पाठवायची असते. कागद आणि धातू यांचा हा विवाह टिकला तर ठिगळ हे ठिगळ राहते. तुटला, की त्याच ठिगळाचा रफू होतो.

तो का तुटतो, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

विमान आत उघडून पाहिले पाहिजे, ही कल्पनाच सुरुवातीला रुळलेली नव्हती. अमेरिकेत १९२६च्या कायद्याने विमानांना आणि मेकॅनिकांना परवाने देणारी सरकारी शाखा निर्माण झाली. त्या काळी पंख लाकडाचे, त्यावर कापड किंवा प्लायवूड. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्ससमधील बझार या खेड्याजवळ फोकर कंपनीचे एक तीन इंजिनी प्रवासी विमान हवेतच पंख तुटून कोसळले आणि आठही जण मरण पावले. त्यांत नूट रॉकनी हा अमेरिकेतील विलक्षण लोकप्रिय फुटबॉल प्रशिक्षक होता, त्यामुळे देशभर हलकल्लोळ झाला. चौकशीअंती लाकडी पंखातले सरसाचे जोड ओलाव्याने सुटले असावेत, असे मत पुढे आले. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी. या पंखावर प्लायवूडचे आवरण सरसानेच चिकटवलेले होते. आतला सांधा धड आहे की नाही हे पाहायचे तर आवरण फोडल्यावाचून मार्ग नव्हता. तपासणीसाठीच पंख मोडावा लागणार होता! सरकारने ही विमाने काही काळ प्रवासी वाहतुकीतून काढली आणि पंखांच्या आतल्या तपासणीची अट घातली. कंपन्यांना ती परवडेना. संपूर्ण धातूच्या विमानांकडे जो ओघ पुढे वळला त्यामागे अनेक कारणे होती, आणि हे त्यांपैकी एक ठळक. धातूच्या विमानात झाकणे ठेवता येत होती. ज्या ग्रंथाची पाने उलगडत नाहीत तो ग्रंथ कितीही पवित्र असो, त्याची चिकित्सा होत नाही.

दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत लहान विमानांचे अक्षरशः पीक आले. १९४६ या एका वर्षात तेथे तीस हजारांहून अधिक हलकी विमाने तयार झाली. १९५६मध्ये सेस्ना कंपनीचे १७२ हे चार आसनी विमान बाजारात आले आणि पुढे जगात सर्वाधिक संख्येने बांधले गेलेले विमान ठरले. मग १९८६मध्ये त्याच कंपनीने पिस्टन इंजिनांची लहान विमाने बांधणे थांबवले. ते पुन्हा सुरू झाले १९९६मध्ये. अपघातानंतरच्या भरपाईचे दावे हे त्याचे मुख्य कारण सांगितले जाते. मधली दहा वर्षे नवी विमाने फारशी आली नाहीत, जुनीच हातोहात फिरत राहिली. एकेका विमानाला दहा-दहा मालक झाले. कुणी ते गवताच्या धावपट्टीवर उतरताना गर्रकन फिरवून पंखाचे टोक जमिनीला घासले, कुणाचे वादळात दोर तुटून उलटले, कुणी नोंदवह्यांसकट विकले, कुणी नोंदवह्या 'हरवल्या' म्हणून सांगितले. (नोंदवही हरवण्याचे प्रमाण आणि मोठ्या मोडतोडीचे प्रमाण यांचा काही संबंध असावा, असा संशय जुन्या मेकॅनिकांना असतो. आमचे मत विचाराल तर तो रास्त आहे.)

त्यात कायद्याची एक गंमत आहे. मालकाने देखभालीच्या व दुरुस्तीच्या नोंदी किती काळ जपाव्यात? तेच काम पुन्हा होईपर्यंत, नाहीतर एक वर्ष, एवढीच अमेरिकी नियमाची सर्वसाधारण अपेक्षा. विमानाच्या रचनेत मोठा बदल केला असेल तर त्याचा फॉर्म मात्र विमानाबरोबर कायम राहावा लागतो आणि विकताना नव्या मालकाला द्यावा लागतो. बदल आणि दुरुस्ती यांत कायद्याने असा भेद केला. बदलाने विमान निराळे होते, म्हणून त्याची आठवण जपायची. दुरुस्तीने विमान पूर्ववत होते, म्हणून तिची आठवण वर्षभराने विझली तरी चालेल, असे काहीसे तर्कशास्त्र त्यामागे असावे. दुरुस्तीने वस्तू पूर्ववत होते हे गृहीतच या साऱ्या कथेतील कच्चा दुवा आहे. ओक्लाहोमा सिटीच्या दप्तरात प्रत असते खरी, पण ती तेथे पाठवली गेली असेल तर.

आता पाठचिकित्सेकडे क्षणभर वळतो, कारण पुढील दोन-तीन प्रकरणे समजण्यास तिची मदत होईल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६मध्ये मूळ संहितेचे संपादन पुरे झाले. वि. स. सुखठणकरांसारख्या संपादकांनी शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली. अशा कामात अडाणी लेखनिकाची भीती कमी असते, हे या शास्त्रात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अडाणी लेखनिक चूक करतो ती चुकीसारखीच दिसते. वृत्त मोडते, अर्थ लागत नाही, संपादक सावध होतो. भीती हुशार लेखनिकाची. त्याला मूळ पोथीत फाटलेली जागा दिसते, तो ती आपल्या बुद्धीने सांधतो, वृत्त बसवतो, अर्थही लावतो. पुढच्या वाचकाला तेथे काही झाले होते याची शंकाही येत नाही.

लहान विमानांच्या अपघातांची चौकशी बहुधा त्रोटक असते. दुरुस्तीचे पोटातले दुखणे कसे वाढते हे सविस्तर कळते ते मोठ्या विमानांच्या अहवालांतून, म्हणून आधी तिकडे जावे लागते.

२ जून १९७८ रोजी जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ विमानाचे शेपूट ओसाकाच्या इतामी विमानतळावर उतरताना जमिनीला घासले. शेपटीकडील दाबरोधक भिंतीचा, म्हणजे हवा भरलेल्या प्रवासी कक्षाला मागून बंद करणाऱ्या घुमटाकार पत्र्याचा, खालचा भाग बदलावा लागला. ही दुरुस्ती खुद्द उत्पादक कंपनीच्या पथकाने केली. जुना अर्धा आणि नवा अर्धा जोडताना मध्ये एक सलग जोडपट्टी हवी होती. प्रत्यक्षात ती दोन तुकड्यांत कापून बसवली गेली. त्यामुळे ज्या जागी रिव्हेटांच्या दोन ओळींनी भार वाहायचा तेथे तो एकाच ओळीवर आला आणि जोडाची ताकद अपेक्षेच्या सुमारे ७० टक्क्यांवर उतरली. पट्टीच्या कडेवर सीलंटचा थर होता, त्यामुळे नंतर पाहणाऱ्याला पट्टी सलग आहे की तुटक हे दिसण्याजोगे नव्हते. हाच रफू. त्यानंतर विमानाने १२ हजारांहून अधिक उड्डाणे केली, त्याच्या अनेक तपासण्या झाल्या. १२ ऑगस्ट १९८५ रोजी टोकियोहून ओसाकाला जाताना ती भिंत फाटली, शेपटीचा मोठा भाग आणि नियंत्रणाची सर्व द्रवप्रणाली गेली, आणि अर्ध्या तासाहून अधिक काळ भरकटून विमान डोंगरावर आदळले. ५२४ जणांपैकी ५२० मरण पावले. एकाच विमानाच्या अपघातातील मृत्यूंचा हा आजवरचा सर्वांत मोठा आकडा आहे.

दुसरे प्रकरण तैवानचे. ७ फेब्रुवारी १९८० रोजी चायना एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ विमानाचे शेपूट हाँगकाँगच्या काय ताक विमानतळावर घासले. मे महिन्यात कायमची दुरुस्ती झाली. पत्र्यावर खोल ओरखडे होते. उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे मर्यादेबाहेर ओरखडलेला पत्रा कापून काढायला हवा होता. तो तसाच ठेवून वरून डब्लर ठोकण्यात आला. नोंदीत मात्र काम पुस्तिकेप्रमाणे झाल्याचा मोघम उल्लेख तेवढा राहिला. येथे नोंद आहे, पण ती धातूशी जुळत नाही. आणि नोंद असल्यामुळेच पुढे कुणी धातूला प्रश्न विचारला नाही. नोंद नसलेल्या दुरुस्तीपेक्षा खोटी पडणारी नोंद अधिक घातक, असे आम्हांस या प्रकरणावरून वाटू लागले. ओरखडे बाहेरच्या अंगाला, त्यावर डब्लर. तडे तेथूनच आत वाढू लागले. बाहेरून पाहणाऱ्याला डब्लर दिसे, आतून पाहणाऱ्याला धड पत्रा.

तरीही धातूने खूण दिली होती. १९८८मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या एका जुन्या बोइंग ७३७ विमानाचे छत हवेत उडून गेल्यानंतर म्हाताऱ्या विमानांबद्दल सार्वत्रिक जाग आली आणि त्यातूनच पुढे जुन्या दुरुस्त्या शोधून त्यांचे मूल्यमापन करण्याचा कार्यक्रम निघाला. त्याच्या तयारीसाठी नोव्हेंबर २००१मध्ये या विमानावरच्या ठिगळांची छायाचित्रे घेण्यात आली. त्यांत त्या डब्लरच्या कडेने तपकिरी डाग दिसतात. पत्र्याला भेग असल्यावाचून आतली हवा तेथून बाहेर पडणार नाही. विमानात धूम्रपानाला मुभा होती त्या दिवसांतला तंबाखूचा धूर भेगेतून झिरपत राहिला असावा, असे या डागांचे एक स्पष्टीकरण दिले जाते. छायाचित्र घेणारा केवळ यादी करत होता; दुरुस्ती आहे की नाही हे त्याला नोंदवायचे होते, ती काय म्हणते हे नंतर कुणीतरी वाचायचे होते. ते वाचन होण्याआधीच, २५ मे २००२ रोजी, तैवानच्या सामुद्रधुनीवर विमान हवेत फुटले. २२५ जण गेले. दुरुस्तीला तेव्हा नुकतीच बावीस वर्षे पूर्ण झाली होती.

लहान विमानांच्या जगाशी अधिक जवळचे प्रकरण फ्लोरिडातले आहे, आणि आमच्या मनात तेच जास्त रुतून बसले.

मायामीपासून बहामातील बिमिनी बेटापर्यंत चॉक्स नावाची एक छोटी कंपनी समुद्रविमाने चालवत असे. आपला जन्म ती १९१७चा सांगे. साहित्याच्या वाचकांना बिमिनी हेमिंग्वेमुळे परिचित असेल. त्याच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'आयलंड्स इन द स्ट्रीम' या कादंबरीचा पहिला भाग याच बेटाच्या नावाचा आहे, आणि कंपनीच्या आख्यायिकांतही त्याचे नाव हमखास येई. तिची विमाने ग्रमन मॅलार्ड जातीची होती. या जातीची अवघी ५९ विमाने १९४६ ते १९५१ या काळात बांधली गेली. त्यांपैकी १९४७मध्ये बांधलेले एक विमान, ज्याची मूळ इंजिने बदलून पुढे टर्बाइन इंजिने बसवली होती, १९ डिसेंबर २००५च्या दुपारी मायामीच्या खाडीतून उडाले. १८ प्रवासी, दोन वैमानिक. प्रवाशांत ख्रिसमसची खरेदी करून घरी परतणारे बिमिनीकर बरेच होते. काही क्षणांतच उजवा पंख सुटला आणि विमान बंदराच्या तोंडाशी पाण्यात पडले. कुणीही वाचले नाही. किनाऱ्यावरील एका पर्यटकाच्या कॅमेऱ्यात ते दृश्य टिपले गेले.

या विमानात इंधनाची वेगळी टाकी नव्हती. पंखाची पेटीच सीलंटने बंद करून तिच्यात इंधन भरत. अठ्ठावन्न वर्षे खाऱ्या पाण्यावर आपटत उतरलेल्या या पंखातून इंधन गळू लागले. ते पुन्हा पुन्हा गळत होते. गळतीची नोंद होई, सीलंट लावले जाई, नोंद बंद होई. अपघातानंतर राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पंख तपासला तेव्हा पंखाच्या खालच्या पत्र्यावर, धडाजवळच, जुन्या तड्यावर बसवलेले डब्लर आढळले. म्हणजे पत्रा तडकल्याचे कुणाला तरी दिसले होते आणि त्याने त्यावर ठिगळ लावले होते. पण पत्रा का तडकला? त्याच्या आतल्या बाजूने लांबीभर जाणारा आधाराचा पट्टा, स्ट्रिंगर, आधीच थकून तुटला होता. आतला आधार गेल्यावर भार पत्र्यावर आला, पत्रा तडकला, तड्यातून इंधन गळाले. गळती हे तिसरे लक्षण, तडा हे दुसरे. उपचार झाले ते या दोहोंवर, आणि मूळ व्याधी सीलंटच्या जाड थराखाली राहिली. तशाच प्रकारचे तडे डाव्या पंखातही सापडले.

या अहवालावर आम्ही पुष्कळ विचार केला. येथे ना कुणी नोंद दडवली, ना कुणी हार्डवेअरचे रिव्हेट ठोकले. दिसलेल्या दोषावर तत्परतेने इलाज झाला, आणि प्रत्येक इलाजाने पुढच्या तपासणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आणखी एक पडदा टाकला. सीलंटचा एक थर दुसऱ्या थराला झाकतो. प्रत्येक मेकॅनिकने आपल्या पुढ्यातले एक पान वाचले आणि दुरुस्त केले. सलग ग्रंथ कुणी वाचला नाही. मंडळाने कंपनीच्या देखभालीला दोष दिला आणि तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेलाही. तो योग्यच आहे. पण त्याच चौकशीत आणखी एक बाब पुढे आली. अलोहाच्या अपघातानंतर, १९९१च्या कायद्यातून, म्हाताऱ्या विमानांच्या विशेष तपासणीचे जे नियम आले त्यांतून १९५८पूर्वी प्रमाणित झालेल्या जाती वगळलेल्या होत्या. म्हातारपणासाठी केलेला नियम सर्वांत म्हाताऱ्यांना लागू नव्हता! असली जुनी विमाने थोडी, त्यांच्या बांधणीची कागदपत्रे विखुरलेली, मूळ उत्पादकाने ती जात केव्हाच सोडून दिलेली. त्यांच्यासाठी नवे गणित मांडणार कोण, असा व्यावहारिक विचार त्यामागे असणार. आमच्याकडील दुर्मीळ पोथ्यांची अवस्था याहून फारशी निराळी नाही. ज्यांच्या प्रती शेकड्यांनी आहेत त्यांच्याच आवृत्त्या निघतात. चॉक्स कंपनी २००७मध्ये बंद पडली.

दोषाचा प्रश्न मांडताना एक गोष्ट आम्हांला अवघड वाटते. या साऱ्या प्रकरणांत दुरुस्ती करणारा माणूस निनावी आहे. त्याचा हेतू वाईट होता असे कुठेही दिसत नाही. पत्रा ओरखडला आहे, विमान उद्या उडायचे आहे, मुकादम घड्याळाकडे पाहतो आहे, अशा वेळी तो पत्रा वाचवतो. पोथी सांधणारा लेखनिकही ग्रंथावरच्या प्रेमानेच सांधतो. आपण त्याला प्रक्षेपकार म्हणतो ते फार नंतर, प्रती जुळवून, पंख्याखाली बसून. तेव्हा त्याच्या हाताला नावे ठेवताना जरा जपून ठेवावीत. परंतु त्याने कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्या असत्या तर, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडील काही लेखनिक पोथीच्या शेवटी, पाहिले तसे लिहिले, चूकभूल माझी नव्हे, अशा अर्थाची संस्कृत वचने लिहीत. आम्ही विद्यार्थिदशेत त्यांना हसत असू. आता वाटते, ती निदान एका हाताची कबुली होती.

पुन्हा त्या लहान हँगरकडे येऊ. सेस्नाच्या पंखात अनोळखी ठिगळ सापडलेल्या मेकॅनिकपुढे काय पर्याय असतात? पहिला, झाकण बंद करून टाकण्याचा. आजवर उडाले, उद्याही उडेल. हा मार्ग किती वेळा निवडला गेला असेल हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही, पण एकाच विमानाच्या वीस-पंचवीस वार्षिक तपासण्या उलटून गेल्यावर एखादे ठिगळ 'अचानक' सापडते तेव्हा आधीच्या सह्यांकडे पाहून अंदाज येतो. दुसरा मार्ग ओक्लाहोमा सिटीहून विमानाची सगळी कागदपत्रे मागवण्याचा. मालकाला ती थोड्या शुल्कात मिळतात. कधी त्यांत फॉर्म सापडतो आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. बहुधा सापडत नाही.

मग तपासनीस आपली सही अडवतो. विमान उडण्यास योग्य नाही असे ठरले तर त्याने मालकाला दोषांची सही-तारखेनिशी यादी द्यायची असते. मालक चिडतो, मागच्या वर्षी हेच विमान पास झाले होते, हा त्याचा मुद्दा बिनतोड वाटतो. पुढे एकतर ते ठिगळ उपटून तो भाग नव्याने बांधायचा, नाहीतर अधिकृत अभियंत्याकडून मोजमापे घेऊन, गणित करून, आहे तेच योग्य असल्याचे सिद्ध करायचे. दुसरे झाले तर त्या जुन्या ठिगळासाठी नवा ३३७ फॉर्म भरला जातो. कुणा अनामिकाने १९६०च्या किंवा ७०च्या दशकात कुठल्याशा गवताळ धावपट्टीवर केलेल्या कामाला सरकारी दप्तरात पहिल्यांदा तारीख मिळते, आणि ती तारीख या वर्षाची असते. प्रामाणिक तपासनीस फॉर्मवर एवढे आवर्जून लिहितो, की ही दुरुस्ती तपासणीच्या वेळी आधीच अस्तित्वात होती, ती कुणी व केव्हा केली याची नोंद मिळाली नाही. त्याखाली तो स्वतःचे नाव आणि परवान्याचा क्रमांक लिहितो, आणि झाकणाचे स्क्रू पुन्हा बसवू लागतो.